मागचं डावं दार

सातवीण फुलली की दिल्लीत दोन तट पडतात. एका तटाला तो वास वेड लावतो, दुसऱ्याचं डोकं उठवतो. आमच्या गुडगावच्या सोसायटीत दर ऑक्टोबरात कुणीतरी व्हॉट्सॲपवर लिहितंच, की ही झाडं एकदाची तोडून टाका. आणि त्यावर लगेच दुसरं कुणीतरी पांढऱ्या फुलांच्या गुच्छाचा फोटो टाकून हात जोडतं. मी कुठल्याच तटात नाही. मला तो वास आला की अपराधी वाटतं, आणि हे काही सोसायटीच्या ग्रुपवर लिहिण्यासारखं नाही. मीनलला, म्हणजे माझ्या बायकोला, ते ठाऊक आहे. यंदा पहिल्या झुळकेलाच तिनं बाल्कनीचं दार ओढून घेतलं आणि म्हणाली, "आली तुझी सातवीण. आता दिवाळीपर्यंत तोंड पाडून बस."

यंदा तोंड पाडायला आणखी एक निमित्त आहे. आमच्या छोट्या पेट्रोल गाडीचं वय भरत आलं. माणसाला नसली तरी गाडीला इकडे वयाची अट आहे. पंधरा वर्षं झाली की दिल्लीच्या आसपास तिनं रस्त्यावर यायचं नाही. म्हणजे नवी घ्यायला हवी. कुठली घ्यायची, केवढी घ्यायची, यावर घरात बोलणं निघतं, आणि नेमक्या तेव्हाच टीव्हीवर कुणीतरी गंभीर चेहऱ्यानं सांगत असतं की दिवस बरे नाहीत, नोकऱ्या जाताहेत, हात राखून खर्च करा. मी टीव्ही बंद करतो. वास मात्र बंद होत नाही. तो दाराच्या फटीतून येतो आणि मला त्या दसऱ्याला नेऊन सोडतो.

फटींचं मला चांगलं कळतं, कारण माझी सारी नोकरी त्यांच्यातच गेली. मानेसरला आमचा कारखाना होता, गाड्यांच्या दारांना कडेनं बसवतात ती रबरी पट्टी बनवण्याचा. मेकॅनिक लोक तिला बीडिंग म्हणतात. पाऊस, धूळ, वारा, बाहेरचा गोंगाट, सगळं अडवायचं काम तिचं. मी क्वालिटीत होतो, म्हणजे दिवसभर दारं उघडायची, लावायची आणि आवाज ऐकायचा. माणूस गाडी घ्यायला जातो तेव्हा इंजिनाच्या गप्पा मारतो, पण मन त्याचं दार लावतानाच्या आवाजावर ठरतं. स्वस्त गाडीचं दार पत्र्याच्या डब्यासारखं वाजतं. चांगल्या गाडीचं दार वाजत नाही. ते गादीवर उशी टाकावी तसं बसतं, आणि मग आत एक शांतता पसरते. मी असल्या एका जर्मन गाडीचं दार पहिल्यांदा लावलं ते गुडगावच्या एका शोरूममध्ये. उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. शोरूमचा माणूस म्हणाला, "सर, बैठिए तो सही." मी बसलो नाही. मी मागचं डावं दार उघडून पाहिलं.

त्या दाराचं कारण बाबा.

बाबा एका केंद्रीय मंत्रालयात प्रोटोकॉल विभागात होते. नाव भारदस्त, काम असं की बाहेरून कुणी मोठा माणूस आला की पालम विमानतळावर जायचं, पुष्पगुच्छ द्यायचा, पांढरी अँबॅसडर पायऱ्यांशी लागली की मागचं डावं दार उघडून उभं राहायचं. साहेब बसले की दार हलकेच लावायचं आणि पुढे ड्रायव्हरशेजारी बसायचं. त्यासाठी त्यांच्याकडे एक काळा बंद गळ्याचा कोट होता. आई त्याला डांबराच्या गोळ्या घालून ठेवायची, त्यामुळे पालमला पाहुणे येणार असले की आमच्या क्वार्टरमध्ये तोच एक वास पसरायचा. साहेबांना सोडून परतताना गाडी रिकामी असे. ड्रायव्हर म्हणायचा, "बाबूजी, अब तो पीछे बैठ जाओ, आराम से." बाबा बसायचे नाहीत. घरी येऊन ते साहेबांची नक्कल करायचे. खुर्चीत बसून, हात गुडघ्यांवर ठेवून, नजर समोर लावून, दार उघडायची वाट बघत राहायचे. "दार आपल्या हातानं उघडायचं असतं हे त्यांना माहीतच नसतं रे," म्हणायचे. कुणी एखादा उतरताना थँक्यू म्हणाला तर ते जेवताना आम्हाला सांगायचे. अशी जेवणं फार झाली नाहीत.

निवृत्तीच्या दिवशी ऑफिसची स्टाफ कार माणसाला हारतुऱ्यांसकट घरी सोडते, ही दिल्लीतली जुनी रीत. आमच्या आर. के. पुरमच्या क्वार्टरसमोर आईनं रांगोळी काढली होती. शेजारच्या बायका ओवाळायला उभ्या. मी नुकताच नोकरीला लागलेला, रजा काढून आलो होतो. आली ती चार्टर्ड बस. बाबा वर्षानुवर्षं जिनं ऑफिसला जायचे तीच, आपला रस्ता सोडून गल्लीत शिरलेली, आणि तिच्यातून गळ्यात झेंडूचा हार घातलेले बाबा उतरले. झालं होतं असं, की ऐन वेळी कुणी पाहुणे येऊन ठेपले आणि गाडी एकच होती. ती पालमला पाठवायचा निर्णय बाबांनीच घेतला. बसमधले पत्ते खेळणारे सगळे उतरले, कुणी भांगडा केला, आईनं बसलाच ओवाळलं. सगळे हसत होते, बाबा सर्वांत जास्त. मी हसलो नाही. मी मनाशी म्हटलं, बाबा मागच्या डाव्या सीटवर बसतील, आणि गाडी अशी असेल की गल्ली बघत राहील. एवढ्यातेवढ्यावर शपथा घ्यायचं ते वय होतं.

तर त्या शपथेला बारा-तेरा वर्षं झाली होती आणि शोरूममध्ये मी दार उघडून उभा होतो. कर्ज सहज मिळत होतं, बँकांचेच फोन यायचे. मीनलही चांगल्या नोकरीत. तरी अंथरुणाच्या बाहेर पाय जात होते, हे मला कळत होतं. पण हौसेला मोल नसतं, हे म्हणायलाही लोक असतातच, आणि त्या दिवसांत ते म्हणणारा मीच होतो. टोकन देऊन टाकलं. ताबा दसऱ्याला. मीनल म्हणाली, "घ्यायची तर घे. पण मग रडत रडत चालवू नकोस." बाबांना सांगितलं तेव्हा ते फक्त "बिल्कुल नको होतं एवढं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेलो तर आमच्या पार्किंगच्या कडेच्या तुळशीच्या आणि झेंडूच्या कुंड्या ते एकेक करून भिंतीशी सरकवत होते. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्या कुंड्या तिच्या. "लांब असते ना ती," बाबा म्हणाले, "दार पुरतं उघडायला जागा हवी."

आणि मग साता समुद्रांपलीकडे कुठल्याशा बँका बुडाल्या. आम्ही ते पेपरात वाचलं, जसं दुसऱ्यांच्या घरचं आजारपण ऐकतो तसं. मला खरी बातमी कळली ती रस्त्यावर. नव्या गाड्या लादून नेणारे लांबच लांब ट्रक मानेसरच्या हायवेला रिकामे उभे राहू लागले. पाचाचे दहा झाले, दहाची रांग झाली. ड्रायव्हर खाली सावलीत पत्ते कुटत बसलेले, एकानं तर रिकाम्या ट्रकच्या पोटात दोरी बांधून कपडे वाळत घातले होते. कारखान्यात विश्वकर्मा पूजेला दरवर्षी बुंदीचा डबा मिळायचा. त्या वर्षी कागदाची पुडी मिळाली. दिवाळीला काय देणार, कुकर की डिनर सेट, यावर एरवी महिनाभर पैजा लागायच्या. त्या वर्षी कुणी विषयच काढला नाही.

आम्ही सगळे कंपनीच्या बसनं जायचो. माझ्याच थांब्यावर सतबीर चढायचा, लाइनवरचा सुपरवायझर, झज्जरकडचा, मोठ्या आवाजाचा माणूस. तो खिडकीशी आणि मी त्याच्या शेजारी, हे ठरल्यासारखं झालं होतं. थंडीची चाहूल लागली की तो गावचे पेरू आणायचा, कागदात काळं मीठ बांधून. बस हळूहळू मोकळी होत चालली होती. आधी कंत्राटी मुलं गेली, मग एक पाळी बंद झाली, मग मागच्या सीटवर लोक आडवे होऊन झोपू लागले, इतकी जागा झाली. खिडकीतून सातविणीचा वास यायचा. गुडगावात ती झाडं रस्त्याच्या कडेला ओळीनं लावली आहेत, बस अर्धा रस्ता त्या वासातूनच जाते.

मी गाडीचं कुणाला सांगितलं नव्हतं. चोरी केल्यासारखी लपवून ठेवली होती ती गोष्ट. पण कारखान्यात भिंतींना कान नसतात, कँटीनला असतात. एका सकाळी पेरू कापता कापता सतबीर म्हणाला, "सर, सुना है बड़ी गाड़ी ले रहे हो?"

माझ्या हातातली फोड तशीच राहिली. "सोच रहा हूँ," मी म्हणालो. "टाइम ठीक नहीं है ना."

"क्यों ठीक नहीं है?" तो म्हणाला. "ले लो जी, बिल्कुल ले लो. आप जैसे लोग नहीं लोगे तो म्हारी लाइन किस तरह चलेगी?"

त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. पण तो मनापासून बोलत होता. त्याचा हिशेब साधा होता. लोक गाड्या घेतील, गाड्यांना दारं असतील, दारांना बीडिंग लागेल. आणि मी त्याला सांगू शकलो नाही, की बाबा रे, मी घेतोय त्या गाडीत आपल्या लाइनचं वीतभरही रबर नाही. ते सगळं बाहेरून बसून येतं. आपलं बीडिंग आहे ते माझ्या छोट्या, पत्र्यासारख्या वाजणाऱ्या गाडीला. मी नुसती मान हलवली आणि पेरू खाल्ला. तो गोड होता, हे आठवतं आणि अजून लाज वाटते.

त्यानंतरचे दिवस म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. घ्यावी तर ती गाडी कंपनीच्या गेटसमोरून कशी न्यायची? न घ्यावी तर बाबांनी सरकवलेल्या कुंड्यांकडे कसं बघायचं? संध्याकाळी सोसायटीजवळच्या मैदानात रामलीलेचे भोंगे लागायचे, बाबा बाल्कनीत बसून ऐकायचे आणि मधेच विचारायचे, "रंग कुठला म्हणालास?" मी म्हणायचो, "काळा." ते म्हणायचे, "अच्छा. धूळ दिसेल त्यावर. रोज पुसावी लागेल. ते मी बघीन." मला ते ऐकवत नसे. ज्या माणसाला मागच्या सीटवर बसवायला मी गाडी घेत होतो, तो फडकं शोधत होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी शोरूमला फोन केला आणि नको म्हणून सांगितलं. का, ते इथे खरं लिहायला हवं. पुढे महाराष्ट्र मंडळात ही गोष्ट फुटली तेव्हा लोक म्हणाले, कारखान्यातली माणसं घरी बसताहेत म्हणून यानं गाडी सोडली, आजकाल एवढं कोण बघतं! मी ते ऐकून घेतलं. चेहरा नम्र केला. पण सतबीरसाठी मी काही सोडलं नव्हतं. त्या दुपारी आमच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं होतं, की आता स्टाफकडेही बघावं लागेल. मी जागेवर आलो आणि फोन उचलला. घाबरलो, बस. भीतीला लोकांनी दया म्हटलं, आणि मी दुरुस्त केलं नाही.

मीनलला रात्री सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? बाबांना सांग." सकाळी सांगतो म्हटलं. सकाळी मी दात घासून बाहेर आलो तर बाबा सोफ्यावर बसले होते. काळा बंद गळ्याचा कोट घालून. दाढी गुळगुळीत, बूट चमकत होते, सगळ्या खोलीत डांबराच्या गोळ्यांचा वास. मीनल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. तिनंही नुकतंच पाहिलं असावं.

"बाबा," मी म्हणालो, "गाडी नाही घेत आपण."

"आज नाही मिळत?"

"आज नाही... म्हणजे नाहीच घेत. दिवस बरे नाहीत. माझ्या नोकरीचंही काही खरं नाही."

बाबांचा हात गळ्याशी गेला. त्यांनी वरचं बटण काढलं. मग ते बटण पुन्हा लावलं आणि म्हणाले, "बरं केलंस. सुधीर, चल मग, सोनं तरी आणू."

सोनं म्हणजे पानं. दिल्लीत आपटा कुठून मिळायचा? इथली मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या कांचनाची पानं सोनं म्हणून वाटतात. तीही तशीच जोडपानं, फक्त जरा मोठी आणि मऊ. ती चूक आता इतकी जुनी झाली आहे की माझ्या मुलीला खरा आपटा दाखवला तर ती त्यालाच नकली म्हणेल. बाबांच्या मंत्रालयाच्या फाटकाबाहेर एक कांचन होता आणि आमच्या ओळखीतल्या सगळ्या घरांचं सोनं नोकरीभर बाबा तिथूनच आणायचे. निवृत्तीनंतर सोसायटीतलंच झाड चालायचं. त्या दिवशी म्हणाले, तिथलंच आणू.

खाली आलो. कुंड्या भिंतीशी तशाच, आणि मधल्या मोकळ्या जागेत आमची छोटी गाडी, उसन्या कपड्यात अवघडल्यासारखी. मी पुढचं दार उघडलं. बाबा म्हणाले, "मी आज मागे बसतो." मागचं डावं दार त्यांनीच उघडलं, बसले, आणि ओढून घेतलं. खण्ण वाजलं. माझ्या नोकरीतला सगळा आवाज त्या एका दारात होता. बाबांना तो ऐकू आला असला तरी त्यांनी तसं दाखवलं नाही.

सुट्टीचा दिवस, रस्ते मोकळे. "पालमवरून घे," एवढंच बाबा बोलले. मैदानांमध्ये रावण अजून आडवे पडलेले होते, हातपाय वेगळे, कुणी त्यांना दोर बांधत होतं. काचा खाली होत्या, आणि सबंध वाट सातविणीचा वास. मी आरशात बघत होतो. बाबा ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर, नजर समोर. मला वाटलं, रागावले. वाटलं, निदान रागवावं तरी.

मंत्रालयाचं फाटक बंद होतं. शिपाई खुर्चीवर पेंगत होता. कांचनाखाली गाडी लावली आणि मी म्हणालो, "बाबा, आलं."

बाबा उतरेनात. हात गुडघ्यांवर तसेच, नजर समोर. मी पुन्हा हाक मारणार होतो. आणि मग मला आर. के. पुरमची खोली आठवली, खुर्चीत बसून वाट बघत राहिलेले बाबा आठवले.

मी उतरलो. गाडीला वळसा घालून गेलो. मागचं डावं दार उघडलं आणि ते धरून उभा राहिलो. बाबा सावकाश उतरले, कोट खाली ओढला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "थँक्यू."

मग हसले. मला हसता आलं नाही. त्यांनी हात वर करून पानं तोडली, दोन माझ्या हातावर ठेवली. "सोनं घे, सोन्यासारखा राहा." मी वाकून पाया पडलो आणि लवकर उठलो नाही, कारण उठल्यावर तोंड दाखवावं लागलं असतं. एका दारासाठी मी केवढी गाडी शोधत होतो. आणि ते दार उघडायला मला बारा-तेरा वर्षं कुणी अडवलं होतं? परत निघताना ते एका फटक्यात लागेना, रबर सुटून लोंबत होतं. बाबा म्हणाले, "एवढं बीडिंग बदलून घे." पुढच्या आठवड्यात मी चारही दारांचं बदलून घेतलं. त्या दसऱ्याची आमची खरेदी ती तेवढी. सतबीरच्या लाइनला माझा हातभारही तेवढाच. दिवाळीनंतर बसमधली खिडकीची जागा रिकामी झाली. माझी नोकरी टिकली. मी त्या जागेवर सरकून बसलो नाही, याला कुणी चांगुलपणा म्हणू नये. मला तिथे बसवेना.

यंदा कुठली गाडी घेणार, ठरलेलं नाही. मुलगी म्हणते मोठी घ्या, मीनल म्हणते आजोबांना चढता आलं पाहिजे. बाबा पंच्याऐंशीचे झाले. आता ते कुठल्याही गाडीत बसले तरी मुक्कामाला पोचल्यावर बसून राहतात. त्यांना गुडघ्यांमुळे आपलं आपण उतरता येत नाही. मी वळसा घालून जातो, दार उघडतो, हात देतो, आणि ते दर वेळी न चुकता थँक्यू म्हणतात.

त्या दसऱ्याला त्यांचे गुडघे ठणठणीत होते.